कडू दुधावर वाढलेला माझा भाऊ

माझ्या भावाला घरात कुणी नावानं हाक मारली नाही. सगळे त्याला कारलं म्हणायचे. आजीनं ते नाव ठेवलं, आईनं चालवलं, आणि शाळेपर्यंत मी पोचवलं. त्याची गोष्ट सांगायची तर माझा वाटा मला गाळता येणार नाही.

तो जन्मला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. सगळ्या गावाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करायचे आणि घरात आले की तोंडातून शब्द काढायचे नाहीत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं, आणि बाबांची आई.

पाचव्या आठवड्यात बाळाचं बिनसलं. प्यायला की पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा. गालांवर लाल चट्टे उठले, आणि एका सकाळी लंगोटात रक्ताचे धागे दिसले. डॉक्टर म्हणाले, गायीच्या दुधातलं काहीतरी ह्याला सोसत नाही. आईनं दूधदुभतं खाल्लं की तिच्या दुधातून ते ह्याच्या पोटात उतरतं. आईनं दूध, दही, लोणी सगळं सोडलं. दोन आठवडे ती कोरडा भात आणि उकडलेल्या भाज्या खात राहिली. तरी रक्त थांबेना. मग डॉक्टरांनी अंगावरचं दूध बंद करायला सांगितलं आणि एका खास भुकटीचा डबा लिहून दिला.

तो डबा मला अजून आठवतो. झाकण काढलं की ओला पुठ्ठा आणि नासलेलं चीज असा काहीतरी मिसळलेला वास यायचा. मी चोरून बोट बुडवून चाटलं. कडू, आंबट आणि मागून धातूसारखं. टॉवेलनं जीभ पुसली तरी ती चव गेली नाही. आजी म्हणाली, "हे मांजराच्या पुढे ठेवलं तर ते घर सोडून जाईल."

बाळानं दोन दिवस तोंड वेडंवाकडं केलं. तिसऱ्या दिवशी मुकाट प्यायला लागला, आणि आठवड्याभरात बाटली दिसली की हातपाय झाडायला लागला. चट्टे गेले, रक्त गेलं, बाळसं धरलं. आम्ही आनंदानं नाचायला हवं होतं. पण आईचं दूध आटायला वेळ लागला. ती आतल्या खोलीत वाटीत दूध पिळून मोरीत ओतायची, आणि बाहेर आजीच्या मांडीवर तो मचमच आवाज करत ती बाटली संपवायचा. एकदा वाटी धुताना ती म्हणाली, "माझं टाकलं ह्यानं, आणि ह्या घाणीला मिठी मारली."

त्यानं काही टाकलं नव्हतं. डॉक्टरांनी बंद केलं होतं. पण हे त्या दिवशी कुणी बोललं नाही आणि नंतरही नाही. तो तेव्हा जेमतेम आठ आठवड्यांचा होता.

वर्ष झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता ह्याला साधं दूध सोसेल, देऊन बघा. तो दिवस आईनं सणासारखा केला. दूध आटवलं, साखर घातली, शाळेतून सुट्टी घेतली. मांडीवर घेऊन पहिला चमचा तोंडात घातला. त्यानं तो क्षणभर तोंडात धरला आणि सरळ तिच्या साडीवर थुंकला. दुसरा चमचा तसाच. तिसऱ्याला त्यानं ओठ मिटून घेतले आणि मान फिरवली. डब्याकडे हात करून रडायला लागला.

आजी दारात उभी होती. म्हणाली, "कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच." आजी हसली, मी हसले, बाबासुद्धा किंचित हसले. आई हसली नाही. तिनं साडी पुसली आणि म्हणाली, "खरं आहे."

तेव्हापासून तो कारलं.

आणि नाव खरं करून दाखवायलाच जन्मल्यासारखा तो वाढला. लिंबाची फोड सालासकट चावायचा. मेथीची पानं निवडायला घेतली की शेजारी बसून कच्ची खायचा. इतर मुलं ज्या भाज्यांवरून मार खायची त्या तो मागून घ्यायचा. दुसऱ्या कुठल्या घरात असतं तर लोकांनी अशा मुलाचं कौतुक केलं असतं. आमच्याकडे त्याचा उलटा अर्थ लागला. मूल गोड खात नाही म्हणजे त्याच्या आतच गोडवा नाही. त्यानं पेला फोडला तर "कडवटच आहे मुळात". मी फोडला तर "धांदरट कुठली". तो खेळून आला आणि गप्प बसला तर "बघा, मनात विष घोळवतोय". मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. ह्याची जीभ पाळण्यात दिसली, आणि तेवढ्यावर आमच्या घरानं निकाल देऊन टाकला.

मला ते सोयीचं होतं. त्याच्या वाटचं गोड माझ्या ताटात यायचं, आणि गोडाबरोबर आईही.

त्याच्या आठव्या वाढदिवसाची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आईनं केक केला होता. दरवर्षी करायची. तो खाणार नाही हे माहीत असून करायची आणि त्यानं खाल्ला नाही की तोंड पाडून बसायची. त्या वर्षी त्याच्या वर्गातली सहा-सात मुलं आली होती. आईनं मोठा तुकडा कापला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आज तरी आईसाठी एक घास."

तो म्हणाला, "नको ना आई. मळमळतं."

"सगळ्या जगाला आवडतं ते तुला मळमळतं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी सोळा वर्षांची होते. "राहू दे ना" एवढं म्हणणं मला जड नव्हतं. पण मी टाळ्या वाजवायला लागले आणि तालावर म्हणायला लागले, "कडू कारलं, तुपात तळलं!" मुलांना तेवढंच हवं होतं. सगळी ओरडायला लागली. त्यानं घास घेतला, डोळे मिटून गिळला, आणि दोन मिनिटांनी बेसिनपर्यंत पोचायच्या आत जमिनीवर ओकला. मुलं नाक धरून हसली. फडकं त्यानं स्वतःच आणलं. आई म्हणाली, "मुद्दाम केलं."

दुसऱ्या दिवसापासून शाळेतही तो कारलं झाला.

शाळा संपल्यावर तो चष्म्याच्या दुकानात कामाला लागला. मागच्या खोलीत भिंग घासायचं यंत्र होतं. दगडी चाक फिरतंय, वरून पाण्याची धार पडतेय, आणि हा भिंगाची कड फ्रेमच्या मापाला आणतोय. केसभर जास्त घासलं गेलं तर भिंग वाया. दुकानाचे मालक मला एकदा रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "तुमच्या भावासारखा शांत हात मी तीस वर्षांत बघितला नाही. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचे कान दुखू नयेत म्हणून दांड्या चार-चारदा गरम करून वाकवतो." मी हे घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "लोकांसाठी करत असेल."

तो एकोणीस वर्षांचा असताना बाबा गेले. आजी त्याआधीच गेली होती. माणसं भेटायला आली, आई रडली, मी रडले. तो खुर्च्या लावत होता, पाणी देत होता, बाबांचे कपडे घड्या घालून ठेवत होता. डोळ्यांतून एक थेंब नाही. आई भरल्या खोलीत म्हणाली, "ह्याच्या डोळ्यांत पाणी कुठून येणार? माझ्या दुधाचा थेंब ज्याच्या अंगी लागला नाही, त्याला माया कशी लागेल?"

त्यानं हातातला पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला. आठवड्याभरात दुकानाच्या वरची खोली भाड्यानं घेतली. जाताना फक्त कपडे आणि बाबांची लाल शाईची दौत नेली. मी तेव्हा लग्न होऊन वेगळी राहत होते. अडवायला गेले नाही. येईल परत, म्हटलं. आला नाही. आईची औषधं दर महिन्याला दुकानातल्या माणसाबरोबर पाठवायचा, स्वतः यायचा नाही.

मला मूल उशिरा झालं, छत्तिसाव्या वर्षी. मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा लस टोचायला दवाखान्यात गेले होते. तिथल्या नर्सबाई आयांना बाकावर बसवून वरचं अन्न कसं सुरू करायचं ते सांगत होत्या. बाई बोलायला फटकळ, पण हुशार.

"मूल थुंकलं म्हणजे त्याला आवडत नाही असं लगेच ठरवू नका," त्या म्हणाल्या. "आठ-दहा वेळा चव दाखवा. आणि चव कळायला तुमच्या चमच्याची वाट बघत नाही ते. पोटात असल्यापासून शिकतंय. तुम्ही लसूण खाल्ला, त्यानं चाखला."

मग त्यांनी एक गोष्ट सहज म्हणून सांगितली. काही बाळांना दूध सोसत नाही म्हणून एक कडू-आंबट दूध द्यावं लागतं. मोठ्या माणसाला वास घेववत नाही. पण पहिल्या तीन-चार महिन्यांत सुरू केलं तर बाळ ते आनंदानं पितं, आणि पुढे मोठेपणीही त्या मुलांना कडू-आंबट जास्त आवडताना दिसतं. "जिभेला जे आधी भेटलं, ते तिला घरचं वाटतं. त्यात मुलाचा काय दोष?"

मुलगी मांडीवरून घसरत होती ते शेजारच्या बाईनं सांगितलं तेव्हा कळलं.

मी तशीच आईकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती रडेल, म्हणेल, अगं बाई, आपण काय करून बसलो. ती शिवणाच्या यंत्रावर होती. पाय थांबवला नाही.

"म्हणजे शेवटी दोष माझाच," ती म्हणाली. "माझं दूध वाईट होतं म्हणून तो असा झाला. हेच सांगायला आलीस ना?"

"आई, दोष कुणाचाच नाही. हेच सांगतेय मी."

"कुणाचाच नाही कसा? अठ्ठावीस वर्षं मी उगाच जळत होते?"

तिला उत्तर नको होतं. तिनं टीप पुढे मारायला घेतली.

मुलीला घरी ठेवून मग मी दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तो मागच्या खोलीत होता. नऊ वर्षांत आम्ही चार-पाचदाच भेटलो होतो, तेही दवाखान्यात नाहीतर रस्त्यात. मी स्टुलावर बसले आणि यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून नर्सबाईंचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. त्यानं यंत्र बंद केलं. भिंग फडक्यानं पुसलं, उजेडात धरून बघितलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पंधरा वर्षांचा होतो. त्याच डॉक्टरांकडे ताप दाखवायला एकटा गेलो होतो. विचारलं त्यांना, मी असा का आहे. त्यांनी सांगितलं."

"मग घरी का नाही बोललास?"

"बोललो. बाबांना." त्यानं भिंग खाली ठेवलं. "बाबा म्हणाले, आता आईला कशाला दुखवायचं."

मी म्हटलं, "मला सांगायचंस. मी तुझी ताई आहे."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"ताई, मला कडू आवडतं हे दुधामुळे असेल. पण समज, दुधामुळे नसतं. मला असंच, उगाच कडू आवडत असतं. मग टाळ्या वाजवलेल्या चालल्या असत्या?"

मी पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"तुला आज एका नर्सनं सांगितलं की मी वाईट नाही, म्हणून तू धावत आलीस," तो म्हणाला. "तुझ्यासमोर वाढलो मी. तुला कुणी सांगायला लागावं?"

त्यानं यंत्र सुरू केलं. मी थोडा वेळ बसले आणि निघाले.

आई त्यानंतर चार वर्षांनी गेली. शेवटच्या आजारात तो दोनदा आला. दोन्ही वेळा मी त्या खोलीत होते. तो तिच्या उशाशी बसला, तिचा चष्मा काढून स्वच्छ केला, परत घातला. ती म्हणाली, "माझं दूध सोडलंस तू." तो अगदी हळू म्हणाला, "मी सोडलं नव्हतं गं." तिनं ऐकलं. ऐकलं हे मला नक्की माहीत आहे, कारण तिनं डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे कूस वळवली.

माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. सगळं खाते, कडू, आंबट, तिखट, काही वर्ज्य नाही. मी तिला दहा-दहा वेळा चव दाखवली, थुंकलेलं पुसलं, कधी नाव ठेवलं नाही. लोक म्हणतात, किती छान सवय लावलीस. मामाला तिनं तीनदा बघितलंय. घरी जेवायला बोलावलं की त्याला काम असतं. आधी मी दर महिन्याला बोलवायचे, मग वर्षातून एकदा, आता बोलावणं बंद केलंय. नाही म्हणताना त्याला काही वाटत नाही, हे मला बघवत नाही.

गेल्या महिन्यात माझा नंबर वाढला. गावात चष्म्याची दहा दुकानं आहेत, पण मी त्याच्याच दुकानात गेले. आता दुकान तोच बघतो. त्यानं माझ्या दोन्ही डोळ्यांमधलं अंतर मोजलं, तेव्हा त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर होता. केस पांढरे व्हायला लागलेत. हनुवटीवर बाबांसारखी खळी आहे. मला कधी दिसली नव्हती. फ्रेम त्यानं कानांमागे हात घालून बसवली, टोचते का विचारलं. मी नाही म्हटलं. टोचत असती तरी नाहीच म्हटलं असतं.

त्यानं चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"परवा तयार होईल," तो म्हणाला. "संध्याकाळी पाचनंतर या."

ये नाही. या.