उजवी स्टिक, डावी बाजू

पहाटे पावणेपाचला गजर व्हायचा आणि मी आधी थंडीला शिव्या घालायचो, मग हॉकीला, मग स्वतःला. डेट्रॉइटच्या बाहेर, नोव्हायला राहायचो आम्ही. ऐंशीच्या दशकातली ती वर्षं गाड्यांच्या धंद्याला वाईटच होती. आमच्या डिझाइन ऑफिसात अधूनमधून एखादं टेबल रिकामं व्हायचं आणि त्या टेबलावरचं काम उरलेल्यांच्या बोडक्यावर यायचं. आठवडाभर ते उपसल्यावर शनिवारी तरी माणसानं झोपावं की नाही? पण बर्फाच्या रिंकवर चांगल्या वेळा सगळ्या मोठ्यांच्या टीम्सना. पोरांना मिळायची ती पहाट.

त्या हिवाळ्यात माझा मुलगा बारा वर्षांचा होता आणि टीममधल्या त्याच्या जागेचं काही खरं नव्हतं. कोचनं ऑक्टोबरातच स्पष्ट सांगितलं होतं. राइट विंगला दोन तयार पोरं आहेत, रिकामी आहे ती लेफ्ट विंग. तिथं जमवून दाखव. मार्चपर्यंत बघतो, नाही जमलं तर दुसऱ्या कोणाला तरी घेईन. पोरानं मान डोलावली. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता.

अडचण अशी की मुलाची स्टिक उजवी. म्हणजे उजवा हात खाली आणि स्टिकचं पातं अंगाच्या उजवीकडे. असा खेळाडू डाव्या बाजूला खेळायला लागला की म्हणतात, हा ऑफ विंगवर खेळतोय. मागून कडेच्या फळ्यांना घासत पक यायचा, रबराची ती जाड चकती, आणि तो नेमका याच्या उलट्या बाजूला. तो घ्यायला हा वळणार, समोरच्याकडे पाठ करणार, आणि तेवढ्यात कोणीतरी धटिंगण येऊन याला फळीवर चेपणार. शनिवारी दुपारी बायको त्याच्या खांद्याला हळद आणि तेल चोळायची आणि माझ्याकडे बघायची. बोलायची काही नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

कारण ती उजवी स्टिक त्याच्या हातात मीच दिली होती.

सात वर्षांचा होता तेव्हा. शेजारची सगळी पोरं खेळतात म्हणून हट्टाला पेटला, तर मी त्याला खेळाच्या सामानाच्या दुकानात नेलं. दाराशी पिंपात लहान मुलांच्या स्टिक्स उभ्या करून ठेवल्या होत्या. यानं त्यातली एक ओढून काढली आणि डावा हात खाली, उजवा वर, असा ऐटीत उभा राहिला. दुकानदारानं मला विचारलं, "लेफ्टी का रायटी?" मी म्हटलं, "रायटी. उजव्या हातानं लिहितो, उजव्या हातानं जेवतो." माझ्या लहानपणी आमच्या घरात डावा हात पुढे आला की टपली बसायची, तीच सवय असणार. मी त्याच्या हातातली स्टिक काढून घेतली, दुसरी दिली, हात बदलून नीट धरायला लावले. दुकानदार म्हणाला, त्याला बरं वाटतं तसं धरू द्या की. मी त्याला ऐकवलं, "मी इंडियात हॉकी खेळलोय." त्या बिचाऱ्यानं मुकाट बिल फाडलं. इंडिया म्हटलं की हॉकी, एवढं त्यालाही माहीत होतं.

आणि खेळलो होतोच मी, थापा नव्हत्या. नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये तीन वर्षं लेफ्ट आउट. आपल्या मैदानी हॉकीत डावी स्टिक नसतेच. सगळ्या जगाचा उजवा हात खाली. त्यामुळे डाव्या कडेनं पळणाऱ्याला बॉल कायम अडचणीत घ्यावा लागतो. आम्ही कधी कुरकुर केली नाही. म्हणजे माझ्या हिशोबानं पोराला फार काही वेगळं भोगावं लागत नव्हतं. बापानं केलं, पोरगाही करेल.

मग मी त्याला शिकवायला घेतलं. पहिल्या आठवड्यातच सोडून द्यायला हवं होतं, पण मला कुठली अक्कल! बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी, ऑफिसातून आलेल्या कपड्यांत मी त्याला लेफ्ट आउटची वळणं दाखवायचो. कंबर अशी फिरव, पाय असा टाक. तो दोन-चारदा करायचा आणि म्हणायचा, "बाबा, इट्स नॉट द सेम गेम."

"हॉकी ती हॉकी," मी म्हणायचो. "बर्फ लावला म्हणून काय झालं?"

"ओके," तो म्हणायचा. थकून म्हणायचा. मीही थकूनच शिकवत होतो. दोघांनाही झोप हवी होती आणि दोघंही ते कबूल करत नव्हते.

जानेवारीत एका मॅचमध्ये मी बघितलं, पक फळीला घासत आला आणि पोरानं तो वळून घेतलाच नाही. स्केटवर आदळू दिला, पायानंच पुढे ढकलला आणि समोर तोंड ठेवून स्टिकवर घेतला. मी वरून ओरडलो, "अरे पाय! पाय लावू नकोस!" आपल्याकडे पाय लागला की फाउल. शिट्टी ठरलेली. इथं शिट्टीबिट्टी काही झाली नाही, सगळे माझ्याकडेच बघायला लागले. पण पोरानं ऐकलं होतं. उरलेल्या मॅचभर त्यानं एकदाही पाय लावला नाही, आणि तीनदा फळीवर आपटला.

शेजारी बसलेल्या दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांनी हळूच सांगितलं, या खेळात पाय लावलेला चालतो. उलट तुमच्या मुलाला तर तोच एक उपाय आहे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि मी तर भलत्याच रानात हाकत होतो.

गाडीत त्याला म्हटलं, "पाय लाव. चालतो म्हणे."

"आय नो," तो म्हणाला.

"मग लावला का नाहीस?"

"यू सेड नॉट टू."

त्या दिवसापासून मी शिकवणं बंद केलं. रिंकवर जाऊन मुकाट्यानं बसायचो. एवढं मात्र खरं की शिकवणं बंद केल्यावर मला त्याचा खेळ दिसायला लागला. फळीपाशी त्याचे हाल होतेच, पण पुढे गोलजवळ गेला की तीच उलटी बाजू त्याला कामाला यायची. उजवीकडून पास आला की त्याची स्टिक मधोमध, गोलच्या तोंडाशी तयार. पक अडवायचीसुद्धा गरज नाही, आला तसा हाणायचा. सरळ बाजूच्या पोरांना तो कोन मिळतच नव्हता.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी निवड होती. मला आदल्या रात्री ऑफिसातून यायला फार उशीर झाला होता. आमच्या गटातला, माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस त्याच दिवशी नोकरी गेली म्हणून खोकं भरून घरी गेला होता. रिंकवरच्या बाकावर बसल्या बसल्या माझे डोळे मिटत होते. पहिल्या दहा मिनिटांत पोरगा दोनदा आपटला. दुसऱ्यांदा उठायला त्यानं वेळ घेतला आणि मला वाटलं, संपलं. पाच महिन्यांची पहाट पाण्यात गेली. मग त्यानं एक पक पायानं घेतला, उजवीकडच्या पोराला पास दिला, पुढे पळाला, आणि उजवीकडून परत आलेला पास होता तसा हाणला. जाळी हलली. मी उभा राहिलो होतो, ते मला नंतर कळलं.

सगळं झाल्यावर कोचनं आम्हाला दाराशी गाठलं. मुलगा स्केट्स गळ्यात अडकवून माझ्या शेजारी उभा. कोच म्हणाला, "घेतलाय याला. लेफ्ट विंगच. ऑफ विंगवरून गोल करतो, पण फळीपाशी त्याची किंमत मोजतो." मग त्यानं पोराच्या हातातली स्टिक घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "एक कळत नाही. हा उजव्या हाताचा आहे ना? जोराचा हात वर असावा, वरचा हातच स्टिक चालवतो. उजव्या हातानं लिहिणारी कितीतरी पोरं डावीच स्टिक धरतात. हा डाव्या स्टिकनं खेळला असता, तर ही त्याची स्वतःचीच बाजू होती. याला उजवी स्टिक दिली कोणी?"

माझ्या डोळ्यांसमोर ते पिंप आलं. डावा हात खाली, उजवा वर, ऐटीत उभं राहिलेलं माझं पोर. त्याचं बरोबर होतं, सातव्या वर्षी, कोणी न शिकवता बरोबर होतं, आणि मी ते दुरुस्त केलं होतं. लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

मुलानं एकदा माझ्याकडे बघितलं.

"आय पिक्ड इट," तो कोचला म्हणाला. "व्हेन आय वॉज लिटल."

कोच हसला, त्याच्या डोक्यावर थापटून निघून गेला. आम्ही गाडीत बसलो. मी गाडी सुरू करून हीटर लावला. मग विचारलं, "खोटं का बोललास रे?"

त्यानं बूट काढले, ओले मोजे काढले, पाय हीटरपाशी धरले.

"यू लुक्ड सो टायर्ड, बाबा," तो म्हणाला, आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेला.