नदी नसलेले नावाडी

दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर मी मित्रांसाठी काल्पनिक साहसांचा खेळ मांडतो; नियम माझेच. प्रत्येकाने आपल्या पात्राचं पूर्वायुष्य निवडायचं. त्याबरोबर एक खास कौशल्य मिळतं. गेल्या खेपेला झाडून सगळे सैनिक झाले, कारण सैनिकाचं कौशल्य भारी. म्हणून मी आठवडाभर डोकेफोड करून नावाड्याचं कौशल्य वाढवलं. आज समोर चार नावाडी!

"तुझी नदी कुठली रे?" मी त्यांतल्या निखिलला विचारलं.

"नदी सांगितली तर जास्त गुण मिळतात का?"

मी कपाळावर हात मारला. खोटं आयुष्यसुद्धा फायदा बघूनच जगायचं?

मेधा एकटी मेंढपाळ झाली होती. "कौशल्य काय तुझं?" निखिलने विचारलं.

"मेंढ्या मला ओळखतात."

चारही नावाडी खो खो हसले. त्या अख्ख्या जगात त्यांना ओळखणारं एक मेंढरूसुद्धा नव्हतं.