तबिताबाईंचा उपास

शरणपूर रोडला तबिताबाई शिंद्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. बाई मोठ्या खमक्या. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की दर शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत तोंडात कण नाही, आणि दिवसभर दुसऱ्यांसाठी पोळ्या मात्र लाटायच्या. भाजी घेऊन येणाऱ्या मखमलाबादच्या नवसाबाईंना हे काही केल्या पटायचं नाही. आमच्या उपासाला साबुदाणा हाय, भगर हाय, तुमचा देव लय कडक, असं त्या म्हणायच्या. देव नाही हो, मीच कडक, असं तबिताबाई हसून सांगायच्या. आणि ते खरंच होतं.

कारण रस्त्याच्या पलीकडे त्यांची सख्खी धाकटी बहीण साधना अगदी तसंच केंद्र चालवते. दोघी आईच्या हाताखाली शिकल्या. आई गेल्यावर साधनाने नेमकं समोरच दुकान थाटलं, आणि त्या दिवसापासून अबोला. चर्चमध्येसुद्धा एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. दर शुक्रवारी तबिताबाई उपाशीपोटी एकच मागणं मागत, प्रभू, साधनाला सुबुद्धी दे. वर्षानुवर्षं मागितलं, पण साधना काही बधली नाही.

गेल्या लेंटमध्ये एका शुक्रवारी समोरचं शटर अर्धंच वर दिसलं. नवसाबाईंनी बातमी आणली. साधना बाथरूममध्ये घसरली, उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि हाताखाली तर कोणीच नाही. थोड्या वेळाने मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई आल्या. त्यांचे डबे साधनाकडून जात, आणि तिचं सगळं केंद्र त्या डब्यांवरच उभं होतं. आज संध्याकाळचे डबे तुम्ही द्या, त्या तबिताबाईंना म्हणाल्या, आणि जमलं तर कायमचेच घ्या.

काय आनंद झाला म्हणता! देवाला डोळे आहेत, असं मनात म्हणत बाईंनी परात ओढली आणि कणीक मळता मळता चक्क गुणगुणायला लागल्या. तिथेच त्यांचा हात थांबला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी आज भूक म्हणून लागली नव्हती. बहिणीच्या मोडलेल्या हातावर त्या पोटभर जेवल्या होत्या! पोट रिकामं ठेवायचं ते दुसऱ्याची भूक कळावी म्हणून, नाहीतर ती नुसती उपासमार, असं चर्चचे पाळकसाहेब मागच्याच रविवारी सांगून गेले होते. तेव्हा तबिताबाईंनी मान डोलावली होती. आता त्यांना स्वतःची लाज वाटली, भयंकर लाज. इतके शुक्रवार आपण देवापुढे बसलो ते साधनाची चहाडी करायला, हे त्यांना त्या परातीपाशी कळलं.

पण बाई खमक्या, हे सांगितलंच आहे. एकदा ठरलं की ठरलं. त्यांनी रेक्टरबाईंना फोन केला. डबे वेळेवर येतील, पण साधनाच्याच केंद्रातून, आजही आणि पुढेही. मग स्वतःचं दुकान बंद केलं, कणकेची परात कडेवर घेतली आणि भर उन्हात रस्ता ओलांडला. शटरपाशी क्षणभर पाय अडले. हाकलून दिलं तर? तरीही त्या वाकून आत गेल्या.

आत साधना डाव्या हाताने पोळी लाटायला बघत होती. पोळीचा पार नकाशा झाला होता. ताईला पाहून तिचे डोळे भरले. तबिताबाईंनी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"आज तुझा उपास ना, ताई?" साधना म्हणाली. "दमशील."

"उपास आहे म्हणूनच आले. सरक तिकडे."

डबे वेळेवर गेले. दिवस मावळला तेव्हा साधनाने उरल्या कणकेची एक पोळी डाव्या हाताने कशीबशी भाजली आणि ताईपुढे ठेवली. चांगलीच करपली होती. तबिताबाईंनी पोळीचे दोन तुकडे केले आणि डोळे मिटले. या वेळी सुबुद्धी मागितली ती स्वतःसाठी. आमेन दोघींनी एकदमच म्हटलं, आणि किती वर्षांचा तो उपास सुटला.