न प्यालेली ताडी

आमच्या घरात बाबांचा आवाज कधी चढला नाही. चढायचा तो आईचा आणि माझा. त्यामुळे त्या दुपारी शेजारचे काका बाबांना दंडाला धरून अंगणात घेऊन आले आणि बाबांनी आईकडे बघून एक घाणेरडी शिवी हासडली, तेव्हा आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. लगेच दुसरी आली. पाय लटपटत होते, तोंडातून लाळ गळत होती, सदरा पाठीला चिकटला होता.

"ताडाखाली बसला होता," काका खाली मान घालून म्हणाले. "जास्त झाली वाटतं."

उमरोळीच्या पुढे आमची चिकूची वाडी आहे आणि तिला लागूनच ताडीवाल्याची झोपडी. सकाळची ताडी गोड लागते, उन्हं चढली की ती आंबते आणि डोक्यात जाते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबा पूर्वी प्यायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी देवीपुढे नारळ ठेवला आणि सोडली. त्या शब्दावर आई गावात ताठ मानेनं फिरायची, आणि चार बायकांत तो विषय काढायचीही.

"मोडला शब्द ह्या माणसानं," आई म्हणाली. "घरात घेऊ नका. पडू दे ओटीवर. उतरली की उठेल."

इकडे रीतच तशी. चढलेल्याला लिंबूपाणी पाजायचं, सावलीत आडवं करायचं आणि शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. दवाखान्यात कोणी नेत नाही, कारण तिथे नेणं म्हणजे गावभर दवंडी पिटणं. मीही चिडले होते. माहेरी आले होते दोन दिवस सुखानं राहायला, आणि हा तमाशा! लिंबूपाणी घेऊन वाकले ती त्यांना फैलावर घेण्याच्या तयारीनं.

तोंडाला आंबूस वास नव्हताच. वास होता तो उग्र, नाकात झोंबणारा, आमच्या अवजारांच्या खोलीत येतो तसा. कीड मारायच्या विषाला आम्ही सगळे 'औषध' म्हणतो, आणि सकाळपासून बाबा चिकूवर तेच मारत होते. मी त्यांची पापणी वर केली. ओटीवर सावली होती, तरी बाहुली मोहरीएवढी. दंडाच्या कातडीखाली मांस आपोआप वळवळत होतं. पाठीला हात लावला तर तो घाम नव्हता. पाठीवर अडकवायच्या फवारणीच्या पंपाचं झाकण गळत होतं आणि सकाळभर ते विषाचं पाणी त्यांच्या अंगात मुरत होतं.

"आई, ही ताडी नाय. औषध भिनलंय."

"बापाची बाजू नको घेऊस. सगळा गाव बघेल."

"बघू दे!" मी इतक्या जोरात ओरडले की काका दचकले. बाबांच्या छातीतून घरघर ऐकू यायला लागली होती. मी भयंकर घाबरले होते, आणि घाबरले की मला रागच येतो. सदरा टराटरा फाडला, हंडाभर पाणी ओतलं, साबणानं पाठ घासली. काका रिक्षा बघायला धावले.

पालघरच्या दवाखान्याचा रस्ता त्या दिवशी संपेचना. बाबांचा श्वास मधेच अडायचा, मग खरखरत परत यायचा. तो अडला की मी त्यांना हलवायची. आई अनवाणीच येऊन बसली होती. डोळे मिटून ती पुटपुटत होती, "ताडीच असू दे गं देवी, ताडीच असू दे." शब्द मोडलेला तिला आता चालणार होता.

ती ताडी नव्हती. इंजेक्शनं देता देता डॉक्टरांनी सांगितलं, की नस निरोप देते आणि तो लगेच पुसला जातो, तेव्हा शरीर ताळ्यावर राहतं. हे विष पुसणंच बंद करतं. बेलचं बटण अडकल्यावर घंटा वाजतच राहते, तसं आतलं सगळं वाजत राहतं. लाळ, घाम, स्नायू आणि डोकंसुद्धा. संध्याकाळी त्याच इंजेक्शनांनी उलटा खेळ मांडला. बाबांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या आणि ते हवेतले चिकू तोडून नर्सला देऊ लागले. हसत होते, आणि ते हसणंही त्यांचं नव्हतं. मला ते शिव्यांपेक्षा भीतीदायक वाटलं. आपण ज्याला स्वभाव म्हणतो, तो एवढ्याशा थेंबांवर टांगलेला असतो? मग माझा तापटपणा तरी माझा किती, असंही मनात आलं. पण श्वास सुधारेपर्यंत विचार करायची हिंमत नव्हती.

ते वाचले. पुरते भानावर आले तेव्हा त्या दुपारचं त्यांना काही आठवत नव्हतं. गावचे एक जण भेटायला आले आणि थट्टेत म्हणाले, "काय, देवीला परत नारळ ठेवावा लागनार काय?" मी त्यांना वॉर्डाबाहेर काढलं. बाबांनी मात्र ती थट्टा खरी धरली. त्यांनी आईपुढे हात जोडले.

"चुकलो मी. परत नाय पिनार."

"तुमी प्यायलाच नाय हो," आई म्हणाली. "ते औषध होतं. डॉक्टरांना इचारा."

बाबांनी मान हलवली. "मला काय पन आठवत नाय. फक्त तुझा आवाज तेवढा कानात हाय. मी शब्द मोडला, असं बोलत होतीस. तू कशाला खोटं बोलशील?"

आईनं त्यांचे जोडलेले हात धरले आणि भर वॉर्डात मोठ्यानं रडली. आयुष्यात कधी कोणापुढे न वाकलेली माझी आई त्यांची माफी मागत होती, आणि बाबा तिचीच समजूत काढत होते, की जाऊ दे, होते कधी कधी माणसाकडून चूक.