लाल गाडीचा डबल सायलेन्सर

जरीपटक्याहून कामठी रोडला लागलं की माझं सीट कव्हरचं दुकान आहे आणि त्याला चिकटून हेमराज परातेचं सायलेन्सरचं. मधली भिंत एकच, तीही पत्र्याची. त्याच्या वेल्डिंगच्या ठिणग्यांनी माझं रेक्झिन कितीदा तरी जळालं. मी भांडायला जायचो, तो चहा पाजायचा आणि दुसऱ्या दिवशी ठिणग्या पुन्हा उडायच्या. असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

सायलेन्सरचा धंदा म्हणजे पोरांना फटाके फोडणारी नळी लावून देणं, असा लोकांचा समज आहे. हेमराजकडे तसलं काही मागायला आलेला पोरगा शिव्या खाऊनच परत जायचा. हेमराजचं नाव होतं ते त्याच्या कानासाठी. गाडी चालू करायला सांगायचा, डोळे मिटायचा, मागच्या नळीच्या धुरात तळहात धरायचा आणि नेमकं कुठं गळतंय ते सांगायचा. त्या वेळी दुकानात कुणी शिंकलं तरी तो डोळे वटारायचा.

हेमराज विणकरांच्या घरचा. लहानपणी त्याच्या घरी एकाच लांबट खोलीत सगळ्यांचे हातमाग चालायचे. त्या खटखटाटात ओरडून घसा कोण फोडणार? म्हणून ती माणसं हातांनी बोलायची. जेवायला चला, पाहुणे आलेत, धागा तुटला, सगळ्याला खुणा होत्या. त्याची बायको प्रेमिलावहिनी उमरेडच्या तसल्याच घरातली. माग गेले, खुणा राहिल्या. वहिनी डबा घेऊन रस्त्यापलीकडे ऑटोतून उतरायच्या, तिथूनच दोघांच्या हातांनी गप्पा सुरू व्हायच्या. मला मात्र त्याचा हेवा वाटायचा, कारण आमच्या घरी सगळा कारभार ओरडूनच चालतो.

मागच्या उन्हाळ्यात गार्गी नावाची मुलगी लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी ठेंगणी स्पोर्ट्स कार घेऊन आली. तिच्या वडिलांचं इतवारीत भांड्यांचं दुकान, ती स्वतः मौद्याला नोकरी करते आणि रोज जाऊन-येऊन असते. गाडी जुनी, पण तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेली. घरच्यांनी नाकं मुरडली होती, हेही तिनं लगेच सांगून टाकलं. सायलेन्सर गंजून गळला होता आणि कंपनीचा मिळत नव्हता.

"हेमराजभाऊ, सिंगल लावू की डबल?" तिनं विचारलं. "मित्र म्हणतात, डबलशिवाय स्पोर्ट्स कारले शोभा नाही. पण तुम्ही म्हणाल तसं."

मला उत्तर पाठ होतं. चार सिलिंडरच्या इंजिनाला एक नळी पुरते, दुसरी नुसती मिरवायला आणि वजन वाहायला, हे हेमराजनं माझ्यासमोर शेकडो लोकांना ऐकवलं होतं. पण त्या दिवशी तो गाडीखाली वाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "डबलच लावू ताई."

मी तोंडात बोटं घातली. नंतर चहा पिताना छेडलंसुद्धा, "काहून गा हेमराज, लाल गाडी पाहून पाघळला का?" तो हसला आणि पेला विसळायला उठला.

काम त्यानं जीव ओतून केलं. इंजिनाकडून येणारी नळी मागे दुभंगली, दोन्हीकडे आवाज दाबणारा एकेक डबा, एकेक चकचकीत तोंड. दोन्ही बाजू अशा सारख्या, जसे लुगड्याचे दोन काठ. मग गार्गीशेजारी बसून, डोळे मिटून त्यानं एक चक्कर मारली. उतरल्यावर म्हणाला, "बस, जमलं." ती खुश होऊन गेली.

काही दिवसांनी ती परत आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. वहिनी नुकत्याच डबा घेऊन आल्या होत्या.

"भाऊ, मौदा रोडवर एका स्पीडले आली की आत घूं-घूं सुरू होते. घरी पोचेपर्यंत डोकं फुटते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता आवाज बरोबर आहे, म्हणजे माझेच कान नाजूक असतील. मी गाडी विकून टाकून राहिली. आई म्हणतच होती, ही गाडी तुझ्या कामाची नाही."

मला त्या पोरीची कीव आली. स्वतःच्या दुखऱ्या डोक्यापेक्षा हेमराजच्या कानावर तिचा भरवसा जास्त होता. हेमराज तिच्या ओठांकडे बघत होता. म्हणाला, "आवाज तर बरोबर आहे ताई."

गार्गी वहिनींकडे वळली. "काकू, विकायच्या आधी तुम्ही तरी बसा एकदा. चला, चक्कर मारू."

वहिनी लाजत, पदर सावरत त्या ठेंगण्या गाडीत कशाबशा शिरल्या. परतल्या तेव्हा कपाळ चोळत होत्या. इंजिन सुरूच होतं, म्हणून उतरता उतरता त्यांनी हातानंच खूण केली: चिमटीत धरलेला धागा झटक्यात तुटावा तशी. म्हणजे बिघडलंय. हेमराजनं ती बघितली, पाठ फिरवली आणि उगाच लोखंडी नळ्या नीट रचू लागला.

गार्गीनं इंजिन बंद केलं.

"अवो," वहिनींनी हाक मारली.

तो नळ्या रचत राहिला.

"अवो, रुचिकाचे बाबा!"

मी माझ्या दारात होतो, मला स्वच्छ ऐकू आलं. वहिनी त्याच्यापासून हातभरच दूर होत्या. तिसरी हाक त्यांनी मारलीच नाही. त्यांचा हात तोंडावर गेला. किती काळ हा माणूस आमचे ओठ आणि बायकोचे हात बघून जगत होता, कोण जाणे! बाकी कुठल्याही घरात बायकोनं हे आठवड्यात पकडलं असतं. या घरात हातांनी बोलणं ही जुनीच रीत, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलंच नाही.

हेमराज वळला. आम्हा तिघांचे चेहरे बघून त्याला सगळं कळलं. "उन्हानं लक्ष नाही" म्हणून तो सहज वेळ मारून नेऊ शकला असता. आम्ही मान्यही केलं असतं. ज्याच्या कानावर दुकान चालतं, त्यानं रस्त्यावर उभं राहून काय कबूल करायचं?

तो गार्गीसमोर येऊन उभा राहिला.

"ताई, तुमचे कान बरोबर आहेत. मले ऐकू येत नाही. सिंगलचा आवाज कानानं जमवा लागते, ते आता माह्यानं होत नाही. म्हटलं, दोन डब्यांत आवाज आपोआप दबून जाईन, कोणाले समजणार नाही. गाडी विकू नका."

गार्गीचे डोळे भरले. तिनं फक्त चावी पुढे केली.

ते देखणं डबल त्यानं स्वतःच्या हातानं कापून काढलं. एक नळी, एक डबा, एकच तोंड. या वेळी गाडीत त्या दोघी बसल्या आणि हा दुकानात थांबला. त्या येऊन सांगायच्या, तो सायलेन्सरचा डबा उघडून पुन्हा बांधायचा. शेवटी गार्गी उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहून सावकाश म्हणाली, "आता शांत आहे भाऊ. जोर दिला की खर्जात बोलते, सोडलं की गप." तो ते ऐकताना, म्हणजे बघताना, लहान मुलासारखा हसला. त्याला स्वतःचं काम दुसऱ्याच्या तोंडून समजून घ्यावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं.

गार्गी गेल्यावर वहिनी स्टुलावर बसल्या. आता त्यांचा राग बाहेर आला.

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू मोठ्यानं बोलली असती."

"मग? काय बिघडलं असतं?"

"या रोडवर सारेच ओरडतात वं. तुह्या हळू आवाजातलं जेवढं कानावर पडून राहिलं होतं, तेवढंही गेलं असतं."

वहिनींनी मान खाली घातली आणि पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलल्या. मलाही ते ऐकू आलं नाही. एरवी अशा वेळी हेमराज नुसती मान डोलवायचा. आज त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

वहिनींनी स्टूल त्याच्या अगदी जवळ ओढलं आणि तेच पुन्हा, तितक्याच हळू, त्याच्या कानाशी सांगितलं.