कन्हानच्या मावशीचा गोळाभात आणि सत्तावन्न किलो

"बस नाही, सायकलनं जाऊ," मिलिंदनं निघायच्या सकाळी जाहीर केलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही दोघं पारशिवनीहून नागपूरला कॉलेजात परत निघालो होतो. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाच्या कुस्ती संघाची निवड. मिलिंदचा गट सत्तावन्न किलोचा, आणि धान्याच्या दुकानातला काटा त्याला अठ्ठावन्नाच्या वर दाखवत होता. चकल्या बोलतात म्हणे! कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणजे ही शेवटची संधी. मी पहिलवान नव्हे, त्याचा बिनपगारी मॅनेजर.

चाळीसेक किलोमीटरचा हा रस्ता आता गुळगुळीत झालाय. तेव्हा नुसती धूळ. तरी तुरीला पिवळी फुलं आलेली, हवेत गारवा. सायकलनं जाणार असाल तर हाच महिना धरा. सायकली घरच्या, त्यामुळे खर्च काय तो एका पंक्चरचा आणि चहाचा. चहा फक्त मी प्यायलो. मिलिंद दोन स्वेटर घालून घाम गाळत होता.

खरी चढण कन्हानला होती. तिथं रस्त्यालगतच त्याची मावशी राहायची, आणि तिच्या दारावरून न जेवता जाणं म्हणजे वर्षभराचा रुसवा. गेल्या वर्षी मिलिंद तिच्याकडे आडवा हात मारून गेला, सकाळी वजन पाव किलो जास्त भरलं आणि गड्याला न खेळताच परत पाठवलं. घरी येऊन यानं सांगितलं, कुस्ती हरलो.

मावशीनं ताट वाढलंच होतं. गोळाभात, म्हणजे भातात शिजवलेले बेसनाचे गोळे, वर कढवलेलं तेल. "मागच्या साली अशक्तपणानं हारला बिचारा. यंदा पोटभर खाऊन जाय गा."

मिलिंदनं मुकाट्यानं घास उचलला. माझ्याच्यानं राहवेना.

"मावशी, तो हारला नव्हता. वजन जास्त भरलं म्हणून त्याले खेळूच देलं नाही. इथून जेवून गेला होता."

मावशीचा हात थांबला. "सांगितलं काहून नाही मले?"

"तुले वाईट वाटलं असतं," मिलिंद पुटपुटला.

"अन् आता बरं वाटून राहिलं का?" तिनं त्याच्यापुढचं ताट उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं. "तू खाय. तुले कोण तोलून राहिलं!"

मी खाली मान घालून सगळं संपवलं. मिलिंद भिंतीकडे तोंड करून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरात मिलिंद काट्यावर चढला. वजन घेणारे सर वाकले, पुन्हा वाकले. "सत्तावन्न. उतर." मला रडूच आलं. बाहेर फाटकाशी मावशी, पहिल्या बसनं आलेली, हातात डबा. "काटा झाला?" एवढंच विचारलं तिनं. नळाच्या ओट्यावर बसून त्यानं डबा चाटूनपुसून साफ केला. दुपारी तीनपैकी दोन कुस्त्या मारल्या आणि संघात नाव लागलं.

आठवड्यानं ही बातमी घरी सांगायला पारशिवनीला गेलो तेव्हा सायकल चालवताना सारखं वाटत होतं, गुणी पोरं आळसानं वाया जातात म्हणतात, पण मायेला नाही म्हणता येत नाही म्हणूनही जातात. आमचा थोडक्यात वाचला.

मावशीनं मात्र धसका घेतला तो घेतलाच. पुढे मिलिंदच्या लग्नाच्या पंगतीत ती जिलबी वाढायला आली, नवरदेवाच्या ताटावर हात धरला आणि हळूच विचारलं, "काटा झाला ना गा?"