अकरा दातांऐवजी नऊ

गाडी घेतली माझ्या मालकांनी आणि चालवायची मी, हे घरात आधीच ठरलं होतं. ते नोकरीला बाहेरगावी, महिन्यातून एकदा येणार. घरी मी, सासरे आणि चाळीसेक मेंढरं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. सोयाबीन निघालं की मामा मेंढरं घेऊन औंढ्याच्या पलीकडं डोंगरातल्या रानात जायचे, पायी, वाटेत मुक्काम करत. पण हमरस्ता रुंद झाला, गाड्या सुसाट यायला लागल्या आणि मामांचे गुडघेही दुखायला लागले. म्हणून मालकांनी ती जुनी, थोराड, उंच जीपगाडी आणली. शहरात तिला एसयूव्ही म्हणतात. मागं जोडायला लोखंडी जाळीचा एक ट्रेलरही करून घेतला, सहा बाय दहाचा. एका खेपेला वीस मेंढरं जातील असा हिशेब होता.

मेंढरं भरायच्या आधी मी कुटाराची, म्हणजे सोयाबीनच्या भुश्शाची, पोती भरून एक खेप करून बघितली. मामा शेजारी बसले होते. औंढ्याच्या अलीकडच्या चढावर गाडीनं मान टाकली. दुसऱ्या गियरवरून पहिल्यावर आले, इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि जळका वास यायला लागला.

"काहून थांबली?" मामांनी विचारलं.

"दम न्हाई उरला तिच्यात, मामा."

"मंग पाणी दाखव तिला."

मी खरंच उतरून बॉनेट उघडलं. पाणी होतं. सगळं जागच्या जागी दिसत होतं. म्हणजे निदान मला तरी तसं वाटलं, कारण तिथं काय कुठं असायला पाहिजे हे मला कुठं माहीत होतं!

दुसऱ्या दिवशी गाडी वारंगा फाट्यावरच्या मिस्त्रीकडं नेली. पन्नाशीचा माणूस, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्यानं इंजिनाकडं बघितलंच नाही. मागच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि टायरवर थाप मारली.

"इंजन एकदम बराबर हाय, ताई. आधीच्या मालकानं दिसायला म्हणून हे मोठाले टायर टाकले. वर तुमी ट्रेलर लावला. क्राऊन-पिनियन बदलना पडेगा."

मला काही कळलं नाही हे त्याला कळलं. त्यानं मला वाकून गाडीखाली बघायला लावलं. मागच्या दोन चाकांना जोडणारा आस, त्याच्या मधोमध लोखंडी गोळा. त्या गोळ्याच्या आत दोन दातेरी चाकं असतात. इंजिनाकडून येणारा दांडा फिरवतो ते छोटं, पिनियन. त्याच्यामुळं फिरतं ते मोठं, क्राऊन. या गाडीत छोट्याला अकरा दात आणि मोठ्याला एकेचाळीस. छोट्याला नऊ दात असलेली जोडी टाकली की गाडी ट्रेलर ओढील.

"दात कमी केल्यावर ताकद वाढते?" मी विचारलं.

"वाढते."

"मग जास्त दात कशाला ठेवलेत आधीपासून?"

"पळायला. आता पळंल कमी, ओढंल जादा." त्यानं बाटलीचं झाकण घेऊन एका ताटलीच्या काठाला लावून फिरवून दाखवलं. झाकण लहान असलं की त्याला जास्त वेळा फिरावं लागतं, तेव्हा ताटली एकदा फिरते. त्याच्यासमोर बसले होते तोवर सगळं पटलं. परतीच्या एस.टी.त बसले आणि फाटा मागं पडायच्या आत सगळं उलटसुलट झालं.

निघताना त्यानं एक प्रश्न विचारला होता. कॉम्प्रेसर चालू होता, ओरडून बोलावं लागत होतं. "ताई, ये फोर बाय फोर चालू हाय का?"

मी म्हटलं, "न्हाई हो, सहा बाय दहा हाय."

त्यानं मान डोलावली. मीही डोलावली.

चार दिवसांनी गाडी मिळाली. पोती भरून तोच चढ चढले. दुसऱ्या गियरवर गाडी कुठं न कुरकुरता वर गेली. मामांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, मेंढीच्या पाठीवर ठेवतात तसा. मला मात्र भलतंच काहीतरी दिसत होतं. वर सपाटीला लागलो तेव्हा काटा साठावर होता आणि एक म्हातारा स्कूटीवरून, मागं गवताचा भारा बांधून, आम्हाला आरामात ओलांडून गेला. घरून औंढा आधी बावीस किलोमीटर भरायचं. त्या दिवशी सत्तावीस भरलं.

संध्याकाळी मालकांचा फोन आला. मी साठ सांगितल्याबरोबर ते चिडले. "ट्रेलर लावून साठनं पळवून राहिली का? हळू चालव."

"अहो, हळूच चालवत होते. काटाच साठ दाखवतो. अन् औंढा पाच किलोमीटर लांब गेलंय."

ते म्हणाले, "बाबांना फोन दे."

मामा म्हणाले, "व्हय, लांब गेलंय," आणि फोन मला परत दिला.

मिस्त्रीला विचारल्यावर त्यानं सांगितलं की दात बदलले की काटा खोटं बोलतो, किलोमीटरही जादा दाखवतो; साठ दिसले की पन्नासच्या आतच समजायचं. हे मी वहीत लिहून ठेवलं. पुन्हा विसरले तर असावं म्हणून.

नंतरच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. मेंढरं भरायच्या आधी वाट बघायला मी आणि मामा रिकामा ट्रेलर घेऊन निघालो. डोंगराकडं जाणारी कच्ची वाट चिखलाची झाली होती. मालकांनी एकदा दाखवलेलं मला आठवलं: मोठ्या गियरच्या शेजारी एक छोटा दांडा आहे, चिखल लागला की तो ओढायचा. मी ओढला. चिखलातून गाडी निघाली, पण पुढं कडक मुरमाचा चढ लागला आणि गाडी उड्या मारायला लागली. खालून धाडधाड आवाज, स्टेअरिंग हातातून हिसकावून घेतल्यासारखं. मी थांबले. छोटा दांडा परत ढकलायला गेले तर हलेचना. दोन्ही हातांनी ओढला, पाय लावून ढकलला. आपण काय मोडलं हेच समजेना.

मामा खाली उतरून चाकांभोवती फिरून आले. "अडून बसली. मागं घे जरा, दोन पावलं."

मी हातभर मागं घेतली. ट्रेलर वाकडा झाला, पण दांडा खटकन सुटला. मामांना हे कसं सुचलं ते त्यांनाही सांगता आलं नाही.

तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"ताई, मी विचारलं होतं ना, फोर बाय फोर चालू हाय का? तुमी न्हाई म्हणले."

"मी ट्रेलरचं माप सांगितलं!"

"अरे बाप रे," तो म्हणाला. म्हणजे या गाडीची पुढची चाकंही ओढतात. पुढच्या आसातही तसाच गोळा, तशीच जोडी. जुन्या गाड्यांचं पुढचं बहुतेक बंदच पडलेलं असतं, तसंच समजून त्यानं फक्त मागचे दात बदलले होते. पण खात्री करायला त्यानं मला घरी एक काम सांगितलं.

अंगणात बाकीच्या चाकांना दगड लावून आम्ही मागचं एक चाक जॅकवर उचललं. मी चाक हातानं दोनदा पूर्ण फिरवायचं आणि इंजिनाकडून गोळ्यात येणारा दांडा किती वेळा फिरतो ते मामांनी मोजायचं. दांड्यावर खडूची रेघ मारली. मामा गाडीशेजारी आडवे झाले. मेंढरं मोजताना करतात तसं, दर फेऱ्याला त्यांनी एक खडा बाजूला ठेवला. चार खडे आणि पाचवा अर्धा, असं ते म्हणाले. मग पुढचं चाक अन् पुढचा दांडा. तीन खडे, चौथा पुरा नाही.

"पुढची अन् मागची येगळ्या चालीनं चालून राहिली," मामा म्हणाले. "मंग भांडतीलच की."

तेवढं मात्र मला नीट कळलं.

मिस्त्रीनं पुढचेही दात नऊचे केले. काम करताना तो मधूनच थांबून म्हणायचा, "चूक किसकी, तुमची का माझी?" मी म्हणायचे, "मला काय माहीत." दोघांनाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

गाडी आली त्या सकाळी मामांना शेजारी बसवून मी पहिली वीस मेंढरं नेली. चढ चढले, कच्ची वाट संपली, मुरमावरून गाडी गुमान वर आली. डोंगरातल्या रानात पोचून मी ट्रेलरची फळी पाडली. मेंढरं उतरेनात. दोन दिवस चालून गाठायचं ठिकाण तासाभरात समोर आलं होतं, हे त्यांना पटलं नसावं. गवत समोर होतं, वास येत होता, तरी सगळी एकमेकांना चिकटून उभी.

मामांनी हाक दिली, टाळी वाजवली. काही नाही. शेवटी ते फळीवरून वाकत वाकत आत गेले आणि त्यांच्यात जाऊन बसले.

"बसू दे जरा," ते मला म्हणाले. "समजंल त्यायला."

मी खाली दगडावर बसले. बंद केलेली गाडी गार होत होती आणि तिच्यातून टकटक आवाज येत होता. तो कसला हे मी कुणाला विचारलं नाही.